डोअरस्टेप म्हणजे कुठलं दार

फर्निचरच्या दुकानातला कारकून गिऱ्हाइकाशी बोलताना मान वर करील तर शपथ, म्हणून रांगेतल्या मावशी धुमसत होत्या. त्यांच्या पुढे उभी असलेली एक तरुण बाई त्याला विनवत होती.

"अहो, पलंग खालीच टाकून गेले. घर तिसऱ्या मजल्यावर आहे."

"पावतीवर डोअरस्टेप डिलिव्हरी आहे, मॅडम."

"म्हणजे दारापर्यंतच ना?"

"बिल्डिंगच्या दारापर्यंत. वर हवा तर रूम डिलिव्हरी घ्यायची होती."

"संध्याकाळी सासूबाई दवाखान्यातून येतायत. त्यांना निजवू कुठे?"

"असेंब्लीपण यात नाही."

"ती काय असते?"

"जोडणी."

"मग जोडणीच म्हण की," मावशी पुढे सरकल्या. "बाळा, मी दुसरीपर्यंतच शिकले. तुझं इंग्रजी भलतंच उंच दिसतंय, पण जिना आला की त्याचे गुडघे दुखतात."