गावाचं फडकं

तोक्योच्या सुमो आखाड्याबाहेर भाजलेल्या कोंबडीच्या काड्या घ्यायला मी रांगेत उभा होतो. स्पर्धेचा चौदावा दिवस. माझ्यापुढे एक म्हातारा, त्याच्यापुढे एक बाई. म्हातारा तिच्यापाशी तणतणत होता.

"थू त्याच्या जिनगानीवर! पहाटे हिमीहून निघालो ते हे बघायला? समोरचा धावून आला आणि आमचा शिओमिने मांजरासारखा बाजूला!"

"जिंकला ना पण?"

"याला जिंकणं म्हणतात? छातीसुद्धा भिडवली नाही. गावाची लाज काढली! आम्ही वीस माणसं त्याच्या नावाचं फडकं धरून बसलोय."

"बघितलं. केवढं मोठं आहे."

"मग त्याला नाही दिसलं?"

"त्याला तेवढंच दिसतं. उजव्या गुडघ्यात काही उरलेलं नाही त्याच्या."

"मग घरी बसायचं!"

"बसला की हार धरतात, दर्जा घसरतो. पंधरा लढतींतल्या आठ जिंकाव्या लागतात. आज आठवी झाली."

"तुम्हाला बरं सगळं ठाऊक?"

"काल फोनवर भांडले त्याच्याशी. म्हटलं, आठ झाल्या की शेवटची लढत सोड. तर म्हणतो, आई, दोन दिवसांसाठी गावची माणसं येतायत."

"म्हणजे तुम्ही शिओमिनेच्या..."

"हो, मीच त्याची आई. मघाशी तर घसा फोडून ओरडत होतात! अर्ध्या तासात तो दक्षिणेच्या दारानं बाहेर येईल. तोंडावर सांगा त्याला, उद्या उतरलास तर फडकं गुंडाळून निघून जाऊ. माझं नाही ऐकत तो. तुमचं ऐकेल. चला, काड्या राहू द्या!"