तेजलच्या हातातल्या किल्ल्या

"हॅलो?… कोण, वन्सं? बोला की… न्हाई, कणीक मळतीय."

कुरुळीच्या विजयश्रीने फोन मान वाकडी करून खांद्यावर दाबला. चिखलीच्या थोरल्या नणंदेचा, भिमाबाईंचा फोन सकाळी सकाळी आला म्हणजे तो ख्यालीखुशालीचा नसतो, हे तिला पंचवीस वर्षांत पाठ झालं होतं.

"माझ्या पोरीचा, तेजलचा फोटो? व्हय, पाह्यला… व्हिएतनाममधलाच. तिच्या शाळेतले मास्तर हायेत ते. तिच्यासारखेच परदेशातनं इंग्रजी शिकवाया आलेले… व्हय, व्हय… दिसल्या बाटल्या. बिअर हाय ती, ताक न्हाई!… दर शुक्रवारी बसत्यात. न्हाई गेलं की माणूस एकटं पडतं तिथं… अहो ऐका की…

काय? देहूकरांनी पाह्यला?… व्हय, माळकरी हायेत, ठावं हाय. तुमीच आणलंय ते स्थळ… मग मी काय सांगू?… सरबत?"

मळता हात थांबला. आता मात्र विजयश्रीचं डोकं फिरलं.

"न्हाई. बाटल्यांत सरबत व्हतं असं मी न्हाई सांगणार… फोटोबी काढून टाकाया लावणार न्हाई… मोडू द्या की मग!

वन्सं, तो फोटो बोटानं मोठा करा… करा तर. तिचा हात बघा. ग्लास न्हाई, दुसरा… किल्ल्या. मोजा… सात. सात जणांच्या गाड्यांच्या.

त्यांची रीतच हाय तशी. दर शुक्रवारी एकानं प्यायचं न्हाई. समद्यांच्या किल्ल्या घ्यायच्या, आन् ज्याला त्याला भाड्याच्या गाडीत बसवून घरी धाडायचं… रीत कुणी पाडली म्हंजे? आपल्या तेजलनं! आधी हसले तिला. आता मुकाट किल्ल्या देत्यात.

तुमाला नवल वाटतंय?… ह्याच पिठाच्या डब्यात लपवायची की ती बापाच्या गाडीची किल्ली. आठ वर्षांची पोर. तुमचा भाऊ कंपनीतनं पिऊन आला की पुन्यांदा भाईर जाऊ नये म्हणून… आन् तुमी काय म्हणला व्हता? 'बापाला कोंडती व्हय गं, भवाने?' डब्यात हात घालून किल्ली तुमीच काढून दिली, वन्सं… नाक्यापर्यंतबी न्हाई पोचले ते."

सोळा वर्षं विजयश्रीने हे गिळलं होतं. नवऱ्याच्या दहाव्यालाही तिने तोंड उघडलं नव्हतं.

"रडू नका… न्हाई, दोष न्हाई देत मी… देते. खरं सांगायचं तर आज देते.

हॅलो?… हाय, हाय… देहूकरांनी इचारलं, पोरगी पिती का, तर? सांगा, ह्या शुक्रवारी किल्ल्या तिच्याकडं व्हत्या, ग्लासात पाणी व्हतं. फुडच्या शुक्रवारी दुसऱ्याकडं जातील, तवा तिचं ती बघंल. लपवाया सांगणार न्हाई मी तिला… व्हय, असंच सांगा. शब्दाला शब्द.

आन् वन्सं, त्यांचा पोरगा शनिवारी चाकणच्या ढाब्यावर बसतो म्हणं दोस्तांबरोबर… तुमीच हसत सांगितलं व्हतं की, 'पुरुषमाणूस हाय' म्हणून… बसू द्या. पर एवढं इचारा त्यांना, तो उठतो तवा त्याची किल्ली कोण घेतं?… आधी इचारा, मग मला फोन करा. ठेवते."