ठकीच्या खांबातली वाळवी

— चाकू आत ठेवा, मॅडम. ओट्यावर बसायचं तर बसा, पण खांबाला हात नाय. मागं मी म्हशाच्या जत्रेला गेलो, तेवढ्यात तुमी वाळवी भरून नेली. विचारलं कुणाला? महादूला. महादू शेजारी — त्याचा काय संबंध? खांब माझ्या बायकोचा. ठकी गेली तवा मीच तासून उभा केला.

काय म्हणालात? वाळवीच्या पोटात एका पेशीचा जीव, लाकूड तो पचवतो, वाळवी नुसतं तोंड चालवते — बरं. आमचा थोरलाही तसाच, तोंडच चालवतो. नि तो जीव दिसायला दुसऱ्यासारखा, पण डीएनए कुणाशी जुळत नाय, म्हणून त्याचं कुळ निराळं. ते पक्कं करायला आणखी वाळवी पाहिजे, जिवंत. म्हणजे कुळ त्याचं लावणार नि पोखरणार माझा खांब? माझं कुळ विचारलं कधी? नाय विचारलं.

नाय देणार. आमच्या वाडीची रीत हाय — माणूस गेलं की खांब, नि खांब वाळवीला सोडायचा. राखायचा नाय. शेवटचा भुसा मातीत गेला की माणूस सुटलं, पुढं गेलं. तवर ते इथंच, अंगणात. तुमचा तो जीव आमच्या ठकीला सोडवतोय, नि तुमी त्याला बाटलीत कोंबताय — पाप तुमाला लागेल, मला नाय.

उठलात कशाला? वाळवी दिसत नाय? नसेल. ऊन तापलं, खाली गेली असेल. — वास? कसला वास? करंजाचं झाड हाय ना पलीकडं. बोट पुसा ते. — हो, तेल हाय. मीच लावतो, रोज. तुमाला काय करायचंय? महादूच्या बापाचा खांब कधीच मातीत गेला, हिचा उभा हाय. लोक म्हणतात, लाकूड चांगलं. म्हणू दे. ती एकटी कुठं जाईल? शहापूरच्या बाजारात हायवे ओलांडायचा तर माझी बाही सोडायची नाय — गाडी लांब असली तरी.

काढा बाटली. मागच्या अंगाला, बुडाशी, त्या ढेकळाखाली — माझी कंबर वाकत नाय, तिथं तेल पोचत नाय. तिथं हाय वाळवी. सगळी न्या. एक ठेवू नका. नि वाडीत कुणी विचारलं तर सांगायचं, म्हाताऱ्यानं शिव्या घालून हाकललं.

बघताय काय माझ्याकडं? उरका नि निघा.