मानेखालचा हात

सगळ्यांना जय भीम. समोर शुभांगीचे मालक प्रकाशभाऊ बसलेत, तिच्या सासर-माहेरची माणसं बसलीत. दासगाव, पोलादपूर, पार कुडपणवरून बाया आल्यात. शुभांगीच्या शोकसभेला विहारात आज पाय ठेवायला जागा नाय. अंगणवाडीत दिवसभर माझं तोंड चालू असतं, पण इथं माईकसमोर पहिल्यांदाच उभी हाय. मध्येच थांबले तर कुणी पाणी घेऊन धावू नका. माझं मी बघेन.

मी दासगावची संगीता. शुभांगी माझ्या नात्यातली नाय, वर्गातली नाय. महाडला तिचं फोटोचं दुकान; तिने माझ्या बाळाचा फोटो काढला, तिथून आमची ओळख.

आधी मला तिच्यावर रागवायचं हाय. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणू देत. ही बाई नव्या बाळाचा फोटो काढायला कुणाच्या घरी गेली, की पहिलं बाळाला उजेडात न्यायची. डोळे बघायची, अंग बघायची. जरा पिवळट वाटलं की कॅमेरा परत पिशवीत. "फोटो कुठं पळून जात नाय गो, आधी डॉक्टरला दाखव." आणि स्वतःची कावीळ? ती अंगावर काढली! लग्नसराई होती ना, ऑर्डरी होत्या ना! अगो शुभांगी, तुला धरून उजेडात न्यायला कुणी नव्हतं का? भाऊ, मी तुम्हाला बोलत नाय. तुम्ही सांगून सांगून थकलात, मला ठाऊक हाय. ती कुणाचं ऐकायची?

माझा सुमेध झाला तेव्हा आमचे हे मुंबईला कामावर होते. रजा मिळत नव्हती. मोबाईलवर बाळांचे फोटो बघत बसायचे. टोपलीत बाळ, डोक्याला इवलासा फेटा, दोन्ही तळव्यांवर हनुवटी टेकलेली आणि डोळे मिटलेले. "मला अस्साच फोटो पायजे," फोनवरून हुकूम आला. म्हणून मी शुभांगीला बोलावलं.

आली ती. खोलीत यायच्या आधी तिने बांगड्या काढल्या, अंगठी काढली. साबणाने हात धुतले आणि माझ्या शेकाच्या शेगडीवर धरून गरम केले. पंखा बंद करायला लावला. फ्लॅश तर तिने आणलाच नव्हता. मी बाळाला पाजत होते, तोवर भिंतीला टेकून बसली. जरापण घाई नाय. आमच्या सासूबाई दारात उभ्या. म्हणाल्या, "बारशाच्या आधी फोटो नको बाय, दृष्ट लागते." तर ही म्हणते कशी, "आत्याबाई, पौर्णिमेला विहारात पुढच्या रांगेत बसता आणि दृष्टीला घाबरता?" सासूबाई हसल्या. हसलात ना हो आई? त्या तिथं खांबाजवळ बसल्यात. त्यांना विचारूनच बोलतेय मी.

ह्यांनी व्हिडिओ कॉल लावला होता. टोपली आणा, फेटा बांधा, हनुवटी हातावर ठेवा, तिकडून सूचनांवर सूचना. शुभांगी म्हणाली, "भाऊ, बाळाने अजून मान धरलेली नाय. त्या फोटोत कुणीतरी डोकं धरलेलं असतं. नंतर कॉम्प्युटरवर तो हात पुसतात."

"मग तुम्ही पण पुसा."

"मी नाय पुसणार."

"का? येत नाय?"

"येतं. पण पोलादपूरकडं एका आईने तसला फोटो बघितला, बाळाला सुपात तसंच हनुवटी हातावर टेकवून बसवलं, आणि हात सोडला. बाळ तोंडावर गेलं. वाचलं, नशीब. त्या बाईला कुणी सांगितलंच नव्हतं, की तिथं हात असतो. माझ्या फोटोत हात दिसणार."

मग तिने बाळ माझ्या मांडीवर दिलं. "हात मानेखाली घे. हां, तसाच." मी लाजले. हाताला मालिशचं तेल, नखं हळदीने पिवळी. म्हटलं, पुसून येते. म्हणाली, "असू दे. बाळाला तोच वास ओळखीचा हाय." सुमेध झोपला होता. तिने त्याला ना हलवलं, ना उठवलं. दोन-चार फोटो काढले आणि उठली.

फोटो बघून हे भडकले. "हा काय फोटो? निम्म्या फोटोत बायकोचा हात!" कामावरच्या एका मित्राकडून हात पुसून घेतला आणि तो फोटो सगळ्या पाव्हण्यांना पाठवला. मी म्हटलं, जाऊ दे. बाप हाय, हौस हाय.

सुमेधचं बारसं झालं. पुढं थोड्याच दिवसांत तो गेला. दूध पिताना दमायचा, घामाघूम व्हायचा. मुंबईला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयात जन्मापासून दोष हाय, उशीर झाला.

दुःख माणसाला कुठं धडकायला लावेल सांगता येत नाय. सासूबाई महाडला गेल्या, भर बाजारात शुभांगीच्या दुकानासमोर उभ्या राहून ओरडल्या, "तुझ्या फोटोने माझा नातू खाल्ला!" सगळ्यांनी ऐकलं. शुभांगी बाहेर आली. हात धरून त्यांना आत नेलं, खुर्चीत बसवलं. पण बोलणं वाऱ्यासारखं पसरतं. कितीतरी घरांनी बाळाच्या फोटोला तिला बोलावणं बंद केलं. आजसुद्धा बाहेर चपला काढताना मी कुजबुज ऐकली, म्हणून बोलतेय. काल सासूबाई मला म्हणाल्या, "मला उभं राहवणार नाय, तू माईकवर सांग."

तर ऐका. नीट ऐका. फोटोने माझं बाळ गेलं नाय. दोष त्याच्या हृदयात होता. त्या बाईच्या हातून कुठल्याच बाळाला कधी ओरखडासुद्धा आला नाय. कळलं? आता पुन्हा कुणी ते तोंडातून काढायचं नाय.

आणखी एक सांगते आणि थांबते. सुमेध गेल्यावर हे पहिल्यांदा गावी आले, तेव्हा घरी यायच्या आधी महाडला उतरून तिच्या दुकानात गेले. मला हे शुभांगीनेच सांगितलं. तिला म्हणाले, "मॅडम, तो हातवाला फोटो हाय का अजून? माझ्याकडच्या फोटोत पोरगं एकटंच हाय हो."

तिने जपून ठेवला होता. मोठा करून दिला. लोक सांगतात, गेलेलं तान्हं पोर भिंतीवर लावू नये. आम्ही लावलंय. त्या फोटोत माझं तोंड नाय, नुसता हात हाय. पण त्याच्या आठवणीने जीव जायची वेळ येते ना, तेव्हा मी तिथं बघते. माझं पोर ह्या जगात होतं आणि मी त्याला धरलं होतं. शुभांगी, एवढं तू माझ्यापाशी ठेवलंस गो. मी तुला काय देणार?

आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहूया. मांडीवर लहान बाळं हायत त्या बायांनी उठू नका, बसूनच राहा. आणि मध्येच कुणाचं बाळ रडलं, तर त्याला दटावू नका, बाहेर नेऊ नका. शांतता मोडली तर मोडू दे. घरात बाळ गप्प झाल्यावरची शांतता मी ऐकलीय. रडतंय ना, म्हणजे ते हाय.

शुभांगी, शेवटचा जय भीम.