लिव्हरवरची चरबी

न्हाय न्हाय, उठू नका आण्णासाहेब. सोयरीक मोडायला आलाव न्हवं, मग रस पिऊन मोडा. बर्फ घालू? घालतो. — तर काय म्हणणं तुमच्या घरच्यांचं? व्यंकटच्या लिव्हरवर चरबी निघाली, म्हंजी व्यंकट चोरून दारू पितो! वा! हितं उमरग्यात डॉक्टरला मशीन लावून जे दिसलं न्हाय, ते तुमच्या वैनीला लोहाऱ्यात ओट्यावर बसून दिसलं. आवो, गळ्यात लिंग हाय माझ्या. बाटलीचं बूच कसं उघडतेत ते ठाव न्हाय मला.

चरबी काय दारूनंच येती व्हय? ह्या रसानं आली. उसाचा चरक घातल्यापास्नं गिऱ्हाईकाला ग्लास, मला अर्धा — चालूच. साखर पोटात गेली की लिव्हर थोडी साठवतं, लई झाली की तिची चरबी करतं. धडधाकट माणसाचंबी करतं, तुमचंबी करतं — नाक मुरडू नका. मला तर शुगर. इन्शुलिन लिव्हरला दोन गोष्टी सांगतं, रक्तात साखर सोडू नको, आन चरबी कर. शुगरवाल्याचं लिव्हर म्हंजी घरजावई — ‘कामाला लाग’ ऐकू येत न्हाय, ‘जेवाय चल’ तेवढं बरोबर ऐकू येतं! साखरबी सोडतं, चरबीबी करत बसतं. कळलं? न्हाय कळलं. तोंडावरनंच दिसतंय.

हे माझ्या हातात? रसच हाय. अर्धाच — तुमच्या संगतीला. माझी शिवकन्या हितं असती तर हिसकून घेतला असता. तिची आई गेल्यापास्नं तिचंच तेवढं ऐकतो म्या. ती नांदाय गेल्यावर कोण हिसकंल ते — जाऊ द्या. पण आण्णासाहेब, पोरीचं काय चुकलं? तुमचा रणधीर तिला पसंत हाय. हळदीची साडीबी आणून ठिवलीया तिनं. माझ्या लिव्हरचा राग तिच्यावर कशाला? वाटलं तर मांडवात मागं बसतो म्या, व्याही म्हणूबी नका मला, पण —

थांबा. जवळ कशाला सरकताव? मला वाटलं, कानात कायतरी सांगताव. वास घेताव व्हय माझ्या तोंडाचा?

घ्या. हाऽऽ. आलं-लिंबाचा हाय.

आता ठिवा तो ग्लास खाली. पोरगी द्यायची न्हाय मला तुमच्या घरात. शिवकन्याला काय सांगायचं ते म्या बघतो. उठा, लोहाऱ्याची जीप भरत आलीया.