माहेरी निघालेली बाटली

एक देश, एक बाजार असं पुन्हा कोणी म्हणालं ना, तर त्याला आधी माझ्यासमोर बसवा!

नाशिकजवळच्या आमच्या दिंडोरीच्या बागेतली द्राक्षं वाइन करायला तिथल्याच वायनरीला जातात. यंदा बायकोला घेऊन गोव्याला गेलो, तर तिथल्या दुकानात त्याच वायनरीची बाटली, आणि नाशिकपेक्षा स्वस्त! बायको म्हणाली, "घ्या, आपल्या घरचीच आहे."

परतताना महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या दारूबंदी खात्याच्या नाक्यावर साहेबानं डिकी उघडली. "काका, गोव्याची दारू महाराष्ट्रात नेता येत नाही."

"गोव्याची कुठली? नाशिक लिहिलंय, वाचा की!"

"त्याच्या खालचंही वाचा. फक्त गोव्यात विक्रीसाठी."

माझं डोकंच फिरलं. "अहो, आमच्या मातीत वाढली, आमचं पाणी प्यायली, आणि आता घरी यायला परवाना?"

"लागतो. गेली तेव्हा परवान्यानंच गेली होती ती."

बायको गाडीतून खाली उतरली. "काय हो साहेब, हल्ली पोरीसुद्धा माहेरी यायला सासरच्यांना विचारत नाहीत. हिलाच का परवानगी?"

"काकू, नियम आहे," म्हणत त्यानं बाटली काढून टेबलाखाली ठेवली.

डिकीत बाटलीच्या शेजारीच आमची काजूची भलीमोठी पिशवी होती. तिच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. आणि काजू मात्र अस्सल गोव्याचे होते!