कॉलिनचं इंजिन, शंतनूचा रंग

वसुंधरा : मी नीट समजून घेते हं. हे इंजिन सुरू झालं की पाणी खेचणार.

शंतनू : हो.

वसुंधरा : कुठून?

शंतनू : त्या ड्रममधून.

वसुंधरा : आणि सोडणार कुठे?

शंतनू : त्याच ड्रममध्ये. वसू, प्रात्यक्षिक असतं ते. जुन्या यंत्रांच्या प्रदर्शनात सगळे असंच करतात. तो पलीकडचा म्हातारा बघ, त्याचं इंजिन सकाळपासून करवत फिरवतंय आणि करवतीखाली लाकूडच नाही.

वसुंधरा : बघितलं. त्याची बायको शेजारी खुर्ची टाकून स्वेटर विणतेय. निदान तिच्या हातून काहीतरी तयार होतंय. लेबर वीकेंडच्या सुट्टीत अख्खं न्यूझीलंड टाउपोच्या तळ्यावर जातं. आपण पामर्स्टन नॉर्थच्या बाहेर एका कुरणात, चिखलात रबरी जॅण्डल्स घालून, ड्रमला पाणी पाजायला आलोय. ऋग्वेदा कुठंय?

शंतनू : सॉसेजच्या रांगेत. मला म्हणाली, 'बाबा, आय डोन्ट नो यू टुडे.'

वसुंधरा : माझ्यावर गेलीये पोरगी. बरं, मग सुरू कर की. पाजून टाक ड्रमला एकदाचं.

शंतनू : नको. मला वाटतं, आपण घरीच जाऊ या.

वसुंधरा : घरी? महिनाभर झोपेतसुद्धा पिस्टन आणि व्हॉल्व्ह बडबडत होतास. पहाटे उठून ट्रेलरला दोऱ्या बांधल्यास. झालं काय?

शंतनू : ग्रॅहम आला होता मघाशी. क्लबचा सेक्रेटरी. इंजिनाभोवती एक चक्कर मारली, हात मागे बांधले आणि म्हणाला, 'वेल, इट्स व्हेरी ग्रीन.'

वसुंधरा : अरेरे.

शंतनू : मी थँक यू म्हणालो.

वसुंधरा : वा. इतकी वर्षं राहून हे शिकलास. आमच्या फार्मसीत पेशंट येऊन 'आय ॲम अ बिट क्रुक', म्हणजे जरासं बरं नाही, असं म्हणाला ना, की आम्ही आधी त्याला खुर्ची देतो आणि मग ॲम्ब्युलन्सला फोन करतो. 'व्हेरी ग्रीन' म्हणजे त्याने तुला शिव्या घातल्या.

शंतनू : ते नंतर कळलं. मी वर त्याला विचारलं, बाकीच्यांना रंग द्यायला वेळ नाही का मिळाला.

वसुंधरा : कुठे उभं राहून विचारलंस?

शंतनू : त्या गंजक्या इंजिनासमोर.

वसुंधरा : म्हणजे ग्रॅहमच्या.

शंतनू : ते त्याचं आहे हे मला काय स्वप्न पडलं होतं? मग त्याने समजावून सांगितलं, बालवाडीतल्या मुलाला सांगावं तसं. इंजिनाचा मूळ रंग असतो ना, उडालेला, तेलकट, तो तसाच ठेवायचा. आतलं सगळं दुरुस्त करायचं, वरून फक्त तेलाचं फडकं. गंजसुद्धा जपायचा म्हणे. तोच त्याचा मान.

वसुंधरा : आणि तू पोपटी दिलास. चाकं लाल, त्यावर पिवळे पट्टे. मागे 'हॉर्न ओके प्लीज' तेवढं राहिलं.

शंतनू : राहिलं नाही. तू लिहू दिलं नाहीस.

वसुंधरा : मग आभार मान माझे.

शंतनू : तूही काही कमी नाहीस हं. 'हे गंजकं धूड या अवतारात माझ्या गॅरेजमध्ये राहणार नाही,' हे कोण म्हणालं होतं? खंडेनवमीला कुंकवाचं स्वस्तिक कुणी काढलं? ही झेंडूची माळ आज परत कुणी घातली?

वसुंधरा : माळ काढता येते. तू रंग काढून दाखव.

शंतनू : भोसरीच्या वर्कशॉपात दर दसऱ्याला बाबा एकेक लेथ घासूनपुसून स्वतः रंगवायचे. कामगारांना हात लावू द्यायचे नाहीत. जुनं यंत्र तसंच कळकट लोकांसमोर आणायचं म्हणजे आजीला फाटक्या लुगड्यात लग्नाला न्यायचं. मला खरंच वाटलं, मी मान राखतोय.

वसुंधरा : मला कळतंय रे. ग्रॅहमला नाही कळणार. नसेना का. फार तर क्लबातून काढेल. मग पुढच्या लाँग वीकेंडला टाउपो.

शंतनू : ग्रॅहमचं काही नाही गं. इंजिनाच्या टाकीवर अक्षरं होती, आठवतंय?

वसुंधरा : पुसट होती कसलीतरी. आधीचं सगळं उडालेलं. शेवटचं 'ॲण्ड सन' तेवढं वाचता येत होतं.

शंतनू : मला वाटलं, विकणाऱ्या दुकानाचं नाव असेल. पॉलिश पेपर मारून टाकी लख्ख केली. दुकान नव्हतं ते, वसू. ग्रॅहमने आत्ता सांगितलं. 'जे. मॅकेन्झी ॲण्ड सन'. कॉलिनच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. त्यातला सन म्हणजे कॉलिन.

वसुंधरा : म्हणजे बापाने लिहिलेलं नाव तू घासून काढलंस.

शंतनू : हो. मार आता टोमणा.

वसुंधरा : टोमणा नंतर. आधी कॉलिनला काय सांगायचं ते ठरव.

शंतनू : त्या माणसाने शेत विकलं, गाई विकल्या, म्हातारपणी रेस्ट होमच्या एका खोलीत राहायला गेला. मुलं हे इंजिन भंगारात टाकायला निघाली होती, म्हणून कुंपणापलीकडचा शेजारी बघून मला दिलं. एकच गोष्ट मागितली, एकदा सुरू झालेलं बघायचंय. आणि आज त्याची मुलगी त्याला तेवढ्यासाठी घेऊन येतेय.

वसुंधरा : आलीसुद्धा. ती बघ, गेटपाशी व्हीलचेअर उघडतेय.

शंतनू : ताडपत्री कुठंय?

वसुंधरा : शंतनू.

शंतनू : झाकून टाकू. सांगू, बिघडलंय.

वसुंधरा : लाल चाकं खालून दिसतील. आणि खोटं बोलताना तुझे कान लाल होतात, ते वरून दिसतील. सरळ उभा राहा. आधी ती माळ काढ.

(मुलगी कॉलिनना व्हीलचेअरवरून आणून सोडते आणि चहा आणायला जाते. यापुढे कॉलिनशी बोलणं इंग्रजीत, नवराबायकोचं आपसातलं मराठीत.)

कॉलिन : कसा आहेस, शॅन? आणि तू गं? मला बटाट्याच्या पोत्यासारखं ढकलत आणलंय चिखलातून.

शंतनू : बरे दिसताय, कॉलिन.

कॉलिन : आरसा आहे माझ्याकडे. हे काय आहे?

शंतनू : इंजिन.

कॉलिन : ते दिसतंय. गेटपासून दिसतंय. कुणाचं?

शंतनू : वसू, ओळखलं नाही यांनी.

वसुंधरा : ऐकतेय मी. तू बोल.

कॉलिन : कुणाचं का असेना, मेहनत घेतलीये बिचाऱ्याने. रंगाचा एक थेंब ओघळलेला नाही. अशा माणसाला बायकोने घराचं कुंपण रंगवायला लावावं. तेवढीच इंजिनं वाचतील.

वसुंधरा : सांगते मी त्याच्या बायकोला.

कॉलिन : माझं कुठंय?

शंतनू : घरी आहे. थोडं काम राहिलंय अजून.

वसुंधरा : झालं. पेटले कान.

कॉलिन : राहू दे, घाई नाही. मी कुठे पळून चाललोय. फक्त त्याला रंग देऊ नकोस, आणि टाकी जोरात पुसू नकोस. बापाने नाव लिहिलंय तिच्यावर. आधी नुसतं 'जे. मॅकेन्झी' होतं. मी शाळा सोडून शेतावर आलो, त्या हिवाळ्यात एक दिवस शेडमध्ये गेलो तर पुढे 'ॲण्ड सन' लिहिलेलं. रंग ओला होता. तो मला काही बोलला नाही. नंतरही कधी नाही. माझ्याशी बोलायचाच नाही फारसा, जे काय बोलायचं ते गाईंशी.

शंतनू : वसू, मला नाही हे जमणार.

वसुंधरा : जमवायला सांगितलंय कुणी? खरं सांग. नाहीतर मी सांगते, आणि मग जन्मभर ऐकवीन तुला.

कॉलिन : माझ्यासमोर कुजबुजू नका. रेस्ट होममध्ये सगळे तेच करतात.

शंतनू : कॉलिन, हेच तुमचं इंजिन आहे.

कॉलिन : नाही.

शंतनू : हेच आहे. मी रंगवलं. टाकी घासली, नाव गेलं. मला ते दुकानाचं वाटलं होतं. आमच्याकडे यंत्राला मान द्यायचा तर रंग देतात, वर्षातून एकदा पूजा करतात. मी तेच केलं. चुकलो. फार वाईट वाटतंय मला.

वसुंधरा : मीही होते त्यात. गंजकं नको, म्हणून मीच मागे लागले होते. आणि त्याला फुलं घातली होती मी. तुम्ही दिसलात म्हणून काढली.

कॉलिन : फुलं.

वसुंधरा : झेंडूची. कापडी आहेत.

कॉलिन : माझ्या बापाच्या इंजिनाला.

वसुंधरा : हो.

शंतनू : मी परत लिहून घेतो. बोर्ड रंगवणारा एखादा चांगला माणूस शोधतो, अगदी तसंच लिहायला सांगतो.

कॉलिन : नको. कोण लिहिणार? तो तर गेला.

शंतनू : बरं. मग टाकी कोरीच ठेवतो.

कॉलिन : ग्रॅहम काय म्हणाला?

वसुंधरा : व्हेरी ग्रीन.

कॉलिन : सभ्य माणूस आहे ग्रॅहम. आतलं काय काय बदललंस?

शंतनू : काहीच नाही. ठिणगी पडत नव्हती, ती दुरुस्त केली. व्हॉल्व्ह साफ केले. बाकी जसंच्या तसं. आवाजसुद्धा.

कॉलिन : चालतं?

शंतनू : हॅण्डल एकदा फिरवलं की.

कॉलिन : मग कर सुरू. थांब, आधी माझी खुर्ची जरा पुढे घे. अजून पुढे.

शंतनू : एवढं बास? दिसतंय ना नीट?

कॉलिन : दिसतंय म्हणूनच डोळे मिटतोय. फिरव हॅण्डल.